वाफे रिकामे ठेवू नका, लोकं वेटिंगला आहेत

राम राम मंडळी, ओपन स्पेसमधल्या भाजीच्या वाफ्यांबद्दल बोलायचं होतं. सध्या एकही वाफा शिल्लक नाही आणि मागणाऱ्यांची यादी वाफ्यांपेक्षा लांब झालीये, त्यातले काही तर मागच्या उन्हाळ्यापासून थांबलेत. आणि इकडे पाण्याच्या टाकीमागचे वाफे बघा जरा, कमरेएवढं गाजरगवत, पांढरी फुलं पण आली! एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्या वाऱ्याने शेजारच्याच्या मेथीत जाऊन पडतात, वर अंगाला खाज सुटते ती वेगळीच. उपटताना हातमोजे घाला आणि फुलावर आलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका प्लीज.

तर दसऱ्यापर्यंत वाफा साफ करून काहीतरी लावा, नाहीतर तो यादीतल्या पुढच्या माणसाला देऊ. कोणाचं आजारपण असेल, मुलांकडे पुण्याला गेला असाल तर फक्त एक मेसेज टाका, सीझनपुरता दुसऱ्याला कसायला देऊ, तुमचा नंबर जाणार नाही. गप्प बसू नका एवढंच.

पूर्ण वाफा झेपत नसेल तर अर्धा सोडा, त्यात कमीपणा काय? अर्ध्यात मेथी टाकली तर महिनाभरात काढायला येते, आणि दसऱ्याला भरीताच्या वांग्याची रोपं लावली तर संक्रांतीच्या आसपास वांगी हाताशी येतात. आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय आणि आपण बाजारातून विकत आणतोय राव!

सोडायचा असेल त्यांनी इथेच वाफा नंबर टाका. पाइप गुंडाळून ठेवत जा.