'हिस्टेरिया' लिहिताना

संपादक महोदय,

रशियाच्या बातम्या मराठीत बहुधा इंग्रजीतून येतात आणि रशियनमधले दोन वेगळे शब्द आपल्याकडे एकाच 'हिस्टेरिया'त मिसळून जातात. 'इस्तेरिया' म्हणजे आजार किंवा समूहाला चढलेला ज्वर. 2022 च्या सुरुवातीला, युक्रेनवरच्या हल्ल्याआधी, पाश्चात्त्य देशांच्या इशाऱ्यांना क्रेमलिन हेच म्हणत होते. 'इस्तेरिका' मात्र एका माणसाचा आकांत: रडणे, किंचाळणे, हातपाय आपटणे. खेळण्यासाठी दुकानात लोळण घेणाऱ्या मुलाची ती इस्तेरिकाच.

इंग्रजीत या झटक्याचे नाम, 'हिस्टेरिक्स', अनेकवचनी आहे. रशियनमध्ये ते साधे स्त्रीलिंगी एकवचन. द्वितीयेत 'इस्तेरिकु', सप्तमीत 'इस्तेरिके'. असा पुरुष तो 'इस्तेरिक', स्त्री ती 'इस्तेरिच्का'. यातला स्त्रीलिंगी शब्द आजही बाईला गप्प करण्यासाठी सर्रास फेकला जातो.

मूळ ग्रीक 'हिस्तेरा', म्हणजे गर्भाशय. 'इस्तोरिया' (इतिहास) या शब्दाप्रमाणे इथेही रशियनमध्ये 'ह' उरला नाही. बाईच्या अवयवावरचा ठपका तेवढा उरला. पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच हा विकार पुरुषांतही दाखवला होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीतून 1980 मध्ये हे निदान गेले. हिस्टेरियासाठीचा आपला 'योषापस्मार' हा शब्दही त्याच वळणाचा. योषा म्हणजे स्त्री.

रशियन खेड्यांत 'इस्तेरिया'च्या आधीपासून दुसराच शब्द होता: 'क्लिकुशा'. 'क्लिकात्' म्हणजे हाका मारणे, त्यावरून. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना किंचाळणाऱ्या या बायकांना पकडून चौकशी करण्याचा हुकूम पीटर द ग्रेटने 1715 मध्ये काढला. दस्तयेव्हस्की यांच्या 'द ब्रदर्स कारामाझव्ह' या कादंबरीत अल्योशा या पात्राच्या आईलाही क्लिकुशा म्हटले आहे. ते मात्र सैतानाला किंवा सोंगाला दोष देत नाहीत. अवघड बाळंतपणानंतर लगेच करावे लागणारे ढोरकष्ट, दुःख, मारहाण यांत ते या दुखण्याचे मूळ शोधतात. त्या काळच्या कित्येक वैद्यकीय ग्रंथांपेक्षा मला हे निरीक्षण खरे वाटते.

म्हणून विनंती अशी, की देशाच्या धोरणाविषयी लिहिताना 'उन्माद' किंवा 'युद्धज्वर' लिहावे, एखाद्याच्या झटक्यासाठी 'आकांडतांडव' किंवा 'थयथयाट'. आणि रागावलेल्या स्त्रीच्या बातमीत 'हिस्टेरिकल' हे विशेषण छापूच नये. ती कशामुळे ओरडली, ते छापावे.

– एक वाचक, पुणे