गाडी किती खाली बसवायची?

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
खंडेनवमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि गाडीखाली झोपून काढलेले फोटो मिळाले. तुझ्या पिकअपच्या डबल कॅबचं, म्हणजे दोन रांगांच्या केबिनचं, काम देखणं झालंय, भावा. मागच्या दारांच्या फटी एकसारख्या आल्यात, म्हणजे बॉडीवाल्यानं मन लावून केलंय. आता तिला मागून पाच इंच खाली बसवायचं तुझ्या डोक्यात आहे. आज हत्यारांची पूजा झाली, मशिनं बंद आहेत, म्हणून निवांत लिहितो. माझं मत आधी सांगतो: इंचभर घे. पाच इंच नको.

फोटोत पाटा, म्हणजे मागची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, अ‍ॅक्सलच्या वर बसलेला दिसतोय. अशा गाडीत दोघांच्या मधे ठोकळा घातला तर ती उलट वर उठते. म्हणून पाच इंचांसाठी लोक अ‍ॅक्सल काढून पाट्याच्या वर नेतात. अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी, तेवढी गाडी एका दमात उतरते. पण मग अ‍ॅक्सल चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, भिडायला लागतो आणि तिथं चॅसीला अर्धगोल खाच मारावी लागते. चॅसीच्या चॅनेलमध्ये वाकण्याचा ताण मुख्यतः वरचा आणि खालचा पट्टा झेलतात. खाच मारताना त्यातला खालचा पट्टाच कापायचा, आणि तोही हौद्याच्या वजनाखाली! वरून जाड प्लेट जोडून ताकद परत आणता येते, पण ते वेल्डिंग हिशेबानं करणारा माणूस हवा. केवळ दिसण्यासाठी मी स्वतःच्या गाडीला ते करणार नाही, तुझ्या तर नाहीच.

तुला काळजी ग्राउंड क्लिअरन्सची, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेची आहे. टायर तेच ठेवलेस तर डिफरन्शियलचं हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांच्या मधला गोळा, जमिनीपासून होतं तेवढंच उंच राहतं. खाली येतात त्या चॅसी, सायलेन्सर आणि डिझेलची टाकी. खरं नुकसान चाकाच्या चालीचं होतं. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर चाकाला वर सरकायला जी जागा लागते, तीच आपण खाऊन टाकतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना गाडीत पाच माणसं, मागं सामान, वळणावर एक खड्डा आला की चाक थेट बंप रबरावर आदळणार. पाट्याचं काम तिथंच संपतं. धक्का चॅसीत जातो, चाक रस्ता सोडतं, आणि नेमका त्याच वेळी तुझा पाय ब्रेकवर असतो.

ब्रेकचं तर फार जपून बघ. मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते, त्याला एलएसपीव्ही म्हणतात. हौदा भरला की चॅसी अ‍ॅक्सलजवळ येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी खाली बसवलीस की रिकाम्या हौद्यालाही तो भरलेलाच समजणार. मग पावसात ब्रेक मारलास की मागची चाकं आधी जाम होणार आणि गाडी आडवी फिरणार. इंचभर उतरवलं तरी ती दांडी नव्यानं सेट करायलाच हवी. हे काम कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी एवढं घोळवून सांगतोय.

कुणी गॅसनं पाटा तापवून सरळ करून देतो म्हणाला तर त्याच्या दारातनं परत फीर. लाल होईतो तापवला की पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. तो पाटा मग लवकर बसतो, नाहीतर तुटतो.

मग करायचं काय? मागची शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चॅसीला टांगणारी कडी, आखूड करू. अ‍ॅक्सल पाट्याच्या मधोमध असल्यानं शॅकल दोन इंच कमी केली की गाडी एक इंच उतरते. पाटा दबताना लांबतो, त्याला झुलायला जागा राहिली पाहिजे, म्हणून तुझ्या शॅकलच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजून कळव. दोन इंच निघत नसतील तर अर्ध्या इंचावर थांबू. यानं अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि पिनियनचं, म्हणजे जिथं गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्याचं, तोंड खाली जातं. तिथं निमुळती पट्टी घालून ते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी समांतर आणायचं, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या आहेत, त्यांचे बोल्ट सैल केले की पुढचा भाग उतरतो. दोन्ही बाजू सारख्या, आणि त्यानंतर अलाइनमेंट, कारण कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) दोन्ही बदलतात.

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. डबल कॅबच्या नोंदीसाठी तू किती खेटे घातलेस ते मला माहीत आहे. शॅकलला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घे. कापलेली चॅसी तर कुणीच पास करणार नाही.

आप्पांना चढताना गुडघ्याला त्रास होतो, हेही तू लिहिलंयस. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. इंचभरानं त्यांचा त्रास जाणार नाही, पाच इंचांनीही पुरता जाणार नाही. त्यांना पायरी हवी, रुंद, खरखरीत पत्र्याची, आणि दाराच्या खांबाला धरायला दांडा. ते मी इथं बनवून देतो. येताना आप्पांना घेऊन ये, म्हणजे पायरी नेमकी किती उंचीवर लावायची ते त्यांना उभं करूनच ठरवू. काकूंना नमस्कार.

तुझाच,
उद्यमनगरवाला

ता. क. मोजमापं टाकी भरून, सपाट फरशीवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घे. जमिनीपासून मोजलंस तर टायरच्या हवेनं आकडा चुकतो.