‘हक्काची वास्तू’ आणि हरवलेलं दप्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या गावच्या नव्या ग्रामपंचायत इमारतीवर अर्धं पान आलं आहे. लेखकाने मेहनत घेतलेली दिसते. फीत कापताना हजर असलेल्यांपैकी एकाचंही नाव गळलेलं नाही. पण ‘गावाला प्रथमच हक्काची वास्तू’ हा मथळा वाचला आणि हातातला चहा गार झाला. प्रथमच? मग माझ्या वडिलांच्या घरपट्टीच्या पावत्या काय पुळणीवर बसून फाडल्या होत्या? काळ्या दगडाचं जोतं आणि मंगलोरी कौलं असलेली चावडी दीड वर्षापूर्वीपर्यंत उभी होती. तुमचे वार्ताहर तिच्याच ओट्यावर बसून एसटीची वाट बघत असत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्या लेखात ते चार वेळा, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी छापलेलं आहेच.

आता त्या दर्शनी भिंतीवरच्या ‘गौरवशाली इतिहास’ फलकाबद्दल. त्यावर ‘१७४० मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांकडून चौल जिंकले’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे आणि तुम्ही ते जसंच्या तसं उचललंत. झालं होतं नेमकं उलट. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षी तहात चौल, कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेलं. दोनशे वर्षं ठाण मांडून बसलेल्यांना आपण घालवलं, आणि आपल्याच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जिंकले मात्र ते. खाली ‘वास्को द गामाचा सहकारी निकितिन’ असाही एक शोध आहे. अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. हा गृहस्थ त्याच्या पंचवीस वर्षं तरी आधी एक घोडा घेऊन चौलला उतरला होता, आणि तो घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला होता, म्हणजे त्याचेही सरकारी अनुभव आपल्यासारखेच. रेवदंड्याला त्याचा स्मृतिस्तंभ आहे. फलक रंगवण्याआधी कुणी रिक्षाने जाऊन तो वाचला असता तरी चाललं असतं.

पण फलक परत रंगवता येतो. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते वेगळंच आहे.

चावडीच्या मागच्या खोलीत पूर्वी तलाठी बसत. तिथल्या लाकडी कपाटात गाव नमुना नंबर १४, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या होत्या, बऱ्याचशा जुन्या मोडी लिपीत. मी शाळेत नोकरीला होतो त्या काळात एकदा सुट्टीच्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ इस्रायलहून गावात आले. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. आडनाव अर्थात आमच्याच गावाचं, मागे ‘कर’ लावलेलं. मराठी माझ्या आजीसारखी बोलत, ‘होय की हो’, ‘जेवणे जाहले’ अशी. त्यांना त्यांच्या वडिलांची जन्मनोंद बघायची होती. तलाठ्यांना मोडी येत नव्हती, मला वडिलांनी शिकवली होती, म्हणून शिपाई मला घरून घेऊन गेला. दोन तास लागले. नोंद सापडली. जातीच्या रकान्यात ‘शनवार तेली’ असं लिहिलेलं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून आपले लोक त्यांना तसं म्हणत. मी वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि एक अक्षर येत नसताना बोट ठेवून ती ओळ मिनिटभर बघत राहिले. जाताना शिपायाला पैसे देऊ लागले, त्याने घेतले नाहीत. त्या शिपायाचं नाव काही तुमच्या लेखात नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात चावडीची निम्मी कौलं उडाली आणि कपाट भिजलं. लॉकडाऊन होता, कुणी येईना. तोच शिपाई, आता निवृत्त, आणि मी, असे आम्ही दोघांनी त्या वह्या ओट्यावर आणि माझ्या पडवीत पसरून वाळवल्या. ऊन आलं की बाहेर, सर आली की आत. पानापानात जुनी वर्तमानपत्रं घातली, त्यांत तुमचंही होतं, त्याबद्दल आभार. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा त्याच वह्यांसाठी तालुक्याहून जीप आली, आणि मोडी वाचायला परत मला बोलावणं. त्या दिवशी साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून ‘गुरुजी, हा ठेवा आहे’ असं म्हटलं होतं.

तो ठेवा आता कुठे आहे?

चावडी पाडताना वह्या ‘तात्पुरत्या’ हलवल्या. गेल्या दिवाळीत त्या इस्रायली गृहस्थांच्या नातीचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की आजोबा गेले, त्या पानाचा एक फोटो मिळेल का. एवढंच मागणं. मी नव्या इमारतीत गेलो. तिथे म्हणाले, ते महसूलचं दप्तर, तलाठ्यांना विचारा. तलाठी म्हणाले, तालुक्याच्या अभिलेख कक्षात असेल. तालुक्याला म्हणाले, तुमच्याकडून आलेलंच नाही, ग्रामपंचायतीत बघा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विचारलं तर उत्तर मिळालं, ‘गुरुजी, आता सगळं ऑनलाइन आहे.’ टाळ्याही पडल्या. मी लेखी अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर नाही. एका तरुण सदस्याने मात्र जिन्याखालची खोली उघडून दाखवली. तिथे उद्‍घाटनाच्या कमानी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आमचं जुनं कपाट होतं. कपाटात मंडपाचे पडदे.

त्या मुलीला मी अजून ‘शोधतो आहे’ एवढंच कळवलं आहे.

तुमच्या लेखात नव्या सभागृहाचं, काचेच्या दर्शनी भागाचं फार कौतुक आहे. खाऱ्या वाऱ्यावर त्या काचेच्या लोखंडी चौकटी किती पावसाळे काढतात ते बघू. बोटवाल्यांची बैठक पूर्वी ओट्यावर फुकट होई, आता सभागृहाला भाडं आहे आणि नव्या इमारतीला ओटाच नाही. तसंच त्या फलकावर बेने इस्रायलींचा एक शब्दही नाही. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची त्यांची गोष्ट आमच्या लहानपणी गावातल्या कुठल्याही म्हातारीला येत होती. पण जागा कमी पडली असेल, मान्यवरांचे फोटो आहेत ना.

तर माझी विनंती एवढीच की आपल्या वार्ताहरांनी एकदा परत यावं आणि फीत सोडून त्या दप्तराबद्दल तिन्ही कार्यालयांत विचारावं. मला उत्तर देत नाहीत, छापणाऱ्याला कदाचित देतील. पोच दाखवायला मी घरीच असतो.

आणि जाता जाता. गेल्या वर्षी मी मोडीच्या वर्गांबद्दल पाठवलेलं पत्र आपण छापलंत, त्यात प्रत्येक ठिकाणी ‘मोडी लिपी’ची ‘मोठी लिपी’ झाली होती. अजून बाजारात लोक मला विचारतात, गुरुजी, मग छोटी लिपी कोणती? हे पत्र जागेअभावी कापायचं असेल तर निकितिनचा घोडा खुशाल कापा. पण ‘मोडी’ला कृपया कुणी शुद्ध करू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कुंडलिका खाडीकाठ
(नाव व पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये.)