प्रिंटरच्या पावतीवर नुसते ‘१ नग’ नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळेचे प्रकल्प, परीक्षांचे अर्ज, शेतजमिनीचा आरटीसी उतारा अशा कामांसाठी बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात आता पुष्कळ घरांत प्रिंटर आले आहेत. प्रिंटर बिघडला की टोल फ्री क्रमांकावर पहिली विचारणा होते ती मॉडेल आणि सिरीयल नंबरची, आणि तिथेच अनेकांचे घोडे अडते. पावती पाहावी तर तिच्यावर ‘प्रिंटर, १ नग’ एवढीच नोंद!

समोर ठळक छापलेले नाव बरेचदा संपूर्ण मालिकेचे असते, नेमक्या मॉडेलचे नव्हे. काही जण कार्ट्रिजवरचा ८०३ किंवा ६८२ हा आकडा वाचून दाखवतात. पण ती कार्ट्रिज अनेक मॉडेलना चालत असल्याने त्यावरून काहीच कळत नाही. खरी माहिती यंत्रावरच्या लहान लेबलावर असते. एप्सन आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरांवर ते बहुधा मागच्या बाजूस सापडते, तर एचपीच्या यंत्रांत मागे, तळाशी किंवा कार्ट्रिजचे झाकण उघडल्यावर आत असते. त्याच लेबलावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही छापलेला असतो. तो त्या एका यंत्राचा नसतो, म्हणून तक्रार नोंदवताना उपयोगाचा नाही. सिरीयल नंबर ‘एस/एन’ किंवा ‘सिरीयल’ या खुणेपुढे पाहावा. एचपी व एप्सनमध्ये तो सहसा अक्षरे-अंक मिळून दहाचा, ब्रदरमध्ये पंधराचा असतो.

शाईच्या टाकीचा प्रिंटर मात्र लेबल वाचण्यासाठी कधीही उलटा किंवा आडवा करू नये, शाई गळते. मोबाइल मागच्या फटीत सरकवून फोटो काढावा आणि तो मोठा करून वाचावा. शून्य की ‘ओ’, आठ की ‘बी’ हा घोळही मग निवांतपणे सोडवता येतो. लेबल पुसट झाले असेल, तर मूळ खोक्यावर तोच नंबर असतो, शिवाय कित्येक प्रिंटर स्वतःच्या माहितीचा कागद छापतात आणि त्यावर तो येतो. संगणकाच्या पडद्यावर बहुधा केवळ ड्रायव्हरचे, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, नाव दिसते, त्यावर विसंबू नये.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न अधिक जाचक होतो, कारण खरेदी कोल्हापुरात आणि दुरुस्ती बेळगावात, असे नेहमीच घडते. पावतीतले यंत्र आणि टेबलावर ठेवलेले यंत्र एकच, हे दाखवणारा पुरावा म्हणजे सिरीयल नंबर. तो पावतीवर नसेल, तर केवळ एवढ्यासाठी पुन्हा कोल्हापूरच्या दुकानाची पायरी चढणे कोणालाच परवडत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पावती देणारे बहुतेक दुकानदार सचोटीचे आहेत, हेही नमूद करतो. प्रश्न त्या पावतीत काय लिहिले जाते याचा आहे. मोबाइल विकताना त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक (आयएमईआय) लिहिण्याची पद्धत दुकानांत रुळली आहे, मग प्रिंटरचे खोके समोर असताना त्यावरचे मॉडेल आणि सिरीयल नंबर उतरवून घेण्यास असा किती वेळ लागणार? बेळगावातील संगणक विक्रेत्यांनी ही पद्धत सुरू करावी आणि ग्राहकांनीही पैसे देण्यापूर्वी त्या दोन ओळींचा आग्रह धरावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, खानापूर