गोठ्याचं विचारलंस त्याबद्दल

जत, 14 जुलै

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला होता. आईला सांगितलं रेंज गेली. तिला पटलं नाही, तुलाही पटलं नसणार. बोलताना माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून लिहितोय. रागवायचं नाही असं ठरवून बसलोय.

गोठ्यात कुत्री पाळून पिल्लं विकू म्हणालीस. गोठा रिकामा आहे हे खरं. म्हैस विकल्यापासून तिथे कडब्याच्या चार पेंढ्या आणि दादाच्या शेडमधली खाद्याची भांडी पडलीत. पण तू म्हणालीस, वर्षाला दोन वेतं, वेताला आठ पिल्लं, पिल्लाला पंधरा हजार. हिशेब इतका भरभर सांगितलास की मला बँकेतल्या साहेबासमोर बसल्यासारखं वाटलं. त्यात एकच गोष्ट नव्हती. कुत्री व्यायची त्या रात्री घरी कोण असणार?

जात चांगली निवडलीस, त्याबद्दल काही म्हणणं नाही. आपण कारवानी म्हणतो, पलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात, कानाला-पायाला लांब केस असले की पशमी. 2005 साली मुधोळ पोस्टाच्या तिकिटावर आलं तेव्हा ते तिकीट मी जनावरांच्या दवाखान्यातल्या कपाटाला चिकटवलं होतं. 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये नाव निघालं आणि ज्याच्या दारात निमुळत्या तोंडाचं कुत्रं, तो प्युअर ब्रीडवाला झाला. तू घेतलेल्या पिल्लाला केनेल क्लबचा कागद आहे म्हणालीस. कागद आईबाप कोण ते सांगतो. आई किती वेळा व्याली, किती पिल्लं जगली, ते सांगत नाही. आणि पाच आठवड्यांचं पिल्लू दिलं त्या विकणाऱ्याने तुला! 2017 च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही. ज्याला आणखी तीन आठवडे पिल्लू आईजवळ ठेवणं जमलं नाही, त्याच्याकडून तू वंशावळ घेतलीस.

त्याच नियमांत आहे, कुत्री 18 महिन्यांची झाल्याशिवाय गाभण करायची नाही, 8 वर्षांनंतर नाही, आणि जन्मात 5 वेतांच्या वर नाही. शिवाय ब्रीडर म्हणून राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी. म्हणजे वर्षाला दोन वेतं धरलीस तर अडीच वर्षांत पाच भरली, तुझा हिशेब तिथेच बसला खाली. दर सहा महिन्यांनी माजावर येते म्हणून दर माजाला कुत्रा दाखवायचा, हे असलं...

भाषण झालं बघ. 31 वर्षं पट्टीबंधक म्हणून काढली, जनावराच्या मालकाला झापायची सवय लागून जाते. माफ कर.

आपली चांदी कुत्री व्याली ती रात्र तुला आठवते का? तू चौथीत होतीस. वळवाचा पाऊस, लाइट गेलेली, आई विट्याला. दुपारी चांदीचा ताप बघितला तर साडेअठ्ठ्याण्णव. एरवी 101 च्या वर असतो, 99 च्या खाली उतरला की दिवसभरात व्यायची. तीन पिल्लं सरळ झाली, चौथं अडकलं. मी बोटाने काढलं तर निळसर, श्वास नाही. बाजूला पोत्यावर ठेवलं आणि पाचव्याकडे लागलो. तू बॅटरी दातात धरलीस, माझा जुना बनियन घेतलास आणि ते पिल्लू तोंड खाली करून खसाखसा पुसायला लागलीस, मी पहिल्याला केलं होतं तसंच. उजेड सगळ्या भिंतींवरून नाचत होता. मी ओरडलोसुद्धा, इकडे उजेड धर म्हणून. तू ऐकलं नाहीस. बऱ्याच वेळाने ते 'कुंई' करून ओरडलं आणि तुझ्या तोंडातली बॅटरी पडली.

दुसऱ्या दिवशी मी हे डॉक्टरसाहेबांना सांगितलं, स्टँडवरच्या चहावाल्याला सांगितलं. तुला नाही सांगितलं, डोक्यात जाईल म्हणून.

आता दुसरं, जे फोनवर सांगता आलं नसतं. चांदीला पान लागलं नव्हतं, साप चावलाच नव्हता.

पिल्लं पंधरा दिवसांची, डोळे नुकते उघडलेले. तुम्ही दोघी विट्याला. मी लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला संखला निघालो तेव्हा ती धापा टाकत होती, मागचे पाय ताठ टाकत होती. म्हटलं, ऊन आहे. संध्याकाळी आलो तर गार पडलेली, पिल्लं अजून ओढत होती. सहा जणांना पाजून अंगातलं कॅल्शियम संपलेलं. औषधाची बाटली माझ्याच दवाखान्याच्या कपाटात होती. वेळेवर शिरेतून हळूहळू सोडली असती तर उठून बसली असती. दुग्धज्वराच्या किती गाई अशा उभ्या राहिलेल्या पाहिल्यात मी. घरातल्या कुत्रीचं ओळखलं नाही. परड्यात पुरली आणि तुम्हाला सांगितलं, पान लागलं. तुझं चौथं शेळीच्या दुधावर जगलं, ते संखच्या मेंढक्याने नेलं, हे मात्र खरं होतं.

म्हणून विचारतो, घरी कोण असणार. तू पुण्यात. आईला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. मी रात्रीची गोळी घेतली की कानाशी कोंबडा आरवला तरी उठत नाही.

आईकडून कळलं, तुला कंपनीने नोटीस दिलीय. मला का नाही सांगितलंस? म्हशीचे पैसे बँकेत तसेच आहेत, पेन्शन आहे. फ्लॅटचा हप्ता कुत्रीच्या पोटातून काढायची वेळ यायला नको. तू हिशेबात हुशार आहेस, माझ्यापेक्षा तर नक्कीच. नोकरी मिळेल. नाही मिळाली लगेच तर घरी ये.

मी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. सध्या ते पिल्लू आहे. पार्व्हो रोगाच्या लसीचे सगळे डोस होईपर्यंत पावसात रस्त्यावर उतरवू नकोस. बरगड्या दिसतात म्हणून भरमसाठ खायला घालू नकोस, कारवानी शेलाटंच असतं. आणि किंमत, बाप कुठला, आई कुठली, सगळं सांगितलंस, नाव सांगायचं राहिलं.

तुझा,
आण्णा

ता. क. – आईशी फोनवर चांदीचं बोलू नकोस, तिचा फोन स्पीकरवर असतो. ती अजून त्या भीतीने गोठ्यात बॅटरीशिवाय जात नाही.