प्रौढ विद्यार्थिनींची गैरहजेरी

महोदय,

सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या महिलांच्या वागळे इस्टेट परिसरातील सायंकाळच्या वर्गात मी गणित शिकवते. दिवाळीनंतर अशा वर्गांचा पट घटू लागतो आणि ‘संसारी बायकांना अभ्यासाची गोडी टिकत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान अनेकदा चुकीचे असते.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आठवडाभर आली नाही, म्हणून प्रवेश अर्जावरील क्रमांकावर मी फोन केला. तो तिच्या पतीचा होता. शिवणकामाला जाते असे घरी सांगून ती वर्गाला येत होती, याची मला कल्पना नव्हती. त्यानंतर दीड महिना ती दिसली नाही; आली तेव्हा तिच्या वह्या फाडलेल्या होत्या, शाळा सोडल्याचा मूळ दाखला सासरी अडवून ठेवला होता आणि वर्गात मोठ्याने कोणी बोलले तरी तिचा हात थांबत होता. जी मुलगी वर्गमूळ तोंडी सांगत असे, तिला साधी वजाबाकी सुचत नव्हती. काळजीपोटी केलेल्या माझ्या फोनचे परिणाम तिने भोगले, हे मी विसरू शकत नाही.

शिक्षणापासून रोखणे ही घरातली खासगी बाब नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये केलेल्या नियमांतील घटना अहवालाच्या नमुन्यात शाळा-महाविद्यालयात जाऊ न देणे हे शाब्दिक व भावनिक छळात मोडते. या कायद्यानुसार नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला अशा छळाची माहिती कोणीही देऊ शकते आणि सद्‌भावनेने ती देणाऱ्यावर कलम ४ नुसार कोणतीही जबाबदारी येत नाही. मात्र जिवाला धोका नसेल, तर तिची संमती घेतल्याशिवाय शिक्षकांनी असे पाऊल उचलू नये, असे माझे मत आहे, कारण रात्री त्याच घरी परतायचे असते ते तिला.

असे वर्ग चालवणाऱ्या संस्थांना आणि त्यांना जागा देणाऱ्या ठाणे महापालिकेला माझी विनंती आहे की, संपर्कासाठी कोणता क्रमांक व कोणती वेळ सुरक्षित आहे, हे प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थिनीला एकांतात विचारावे, आणि वह्या-पुस्तके व कागदपत्रांच्या प्रती ठेवण्यासाठी वर्गातच कुलुपाचे कपाट द्यावे. खंड पडला म्हणून नाव कमी करू नये. परतणाऱ्या विद्यार्थिनीकडून कारणाचा खुलासा न मागता राहिलेला भाग स्वतंत्रपणे शिकवावा. १८१ हा महिला मदत क्रमांक स्वच्छतागृहाच्या दारामागे लावावा, म्हणजे तो कोणाच्या नजरेत न येता टिपून घेता येईल. मूळ दाखला नसल्यास द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र चालते, हेही अनेकींना माहीत नसते आणि तेवढ्यासाठी त्यांचे वर्ष वाया जाते.

माझी ती विद्यार्थिनी यंदा पुन्हा फॉर्म भरणार आहे. या वेळी संपर्कासाठी तिने मैत्रिणीचा क्रमांक दिला आहे.

— एक शिक्षिका, किसननगर, ठाणे