मंजुरी कागदांपायी अडते

महोदय,

पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जाण्याचा आनुवंशिक आजार) यावरच्या टोलव्हाप्टन या औषधाची विमा-पूर्वमंजुरी पुष्कळदा आजारापेक्षा कागदांपायी अडते. निदानाचा कोड क्यू ६१.२ (प्रौढ प्रकार) हवा, प्रकार न सांगणारा मोघम क्यू ६१.३ टाकला की शंका निघते. सोबत तारखांसह ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज), एमआरआयवर मोजलेले किडनीचे आकारमान आणि यकृताच्या चाचण्या जोडाव्यात.

खरी गंमत डोसची. सकाळी ४५ आणि आठ तासांनी १५ मिलिग्रॅम हा एकाच दिवसाचा डोस, पण विमा कंपनीच्या तपासनिसाला तो दुबार वाटतो. हेच औषध रक्तातले सोडियम घटल्यावर ३० दिवसांपुरतेच देतात. ती मर्यादा इथेही चुकून लावली जाते. डॉक्टरांनी पत्रात दोन्ही मुद्दे ठळक लिहावेत. नकार आल्यास कारण लेखीच मागावे.

– किडनी विभागातील कर्मचारी